चार मुद्दे

बीडच्या क्लासमध्ये स्पर्धा परीक्षेच्या मुलाखतीचा सराव चालला होता. माझ्या शेजारची मुलगी गडचिरोलीची, वडिलांची बदली झाली म्हणून इकडे आलेली. सरांनी तिला नक्षलवादावर विचारलं.

ती म्हणाली, "ते घरी येऊन जेवण मागायचे, सर. नाही म्हणायची सोय नव्हती. मग जेवायला का दिलं म्हणून पोलीस माझ्या काकाला न्यायचे. एकदा काका परत आलाच नाही."

सर म्हणाले, "अगं, गोष्ट कावून सांगायलीस? दोन मुद्दे हिंसेविरुद्ध, एक वनहक्कांचा, शेवटी विकास. उत्तर समतोल पाहिजे."

मागून एकजण म्हणाला, "सर, जेवायला काय केलतं ते तरी विचारा!" वर्ग हसला. सरही हसले.

मला त्या सगळ्यांची किळस आली. एरवी मी वर्गात तोंड उघडत नाही. तेव्हाही उघडलं नाही. माझा नंबर आल्यावर मात्र इंग्रजी शाळेत कमावलेल्या स्वच्छ आवाजात मी तेच चार मुद्दे म्हणून दाखवले.

"बघ, असं बोलायचं असतं," सर तिला म्हणाले.

तिनं वही उघडली आणि हळूच मला विचारलं, "तिसरा मुद्दा काय होता गं?"

मी सांगितला. तिनं लिहून घेतला.