रामण्णाचा करडा बॅनर

"कंट्रोल जिंकला," मी म्हणालो.

माझी बॉस शालिनी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, "म्हणजे आपली जाहिरात ज्यांना दाखवलीच नाही, ती माणसं दुकानात जास्त आली?"

"हो."

"मग आपण पैसे घेऊन लोकांना घालवतोय."

ऑनलाइन बॅनरचा परिणाम मोजणं हे माझं काम. मोबाइलवर बातमी वाचताना खाली जी पट्टी दिसते, तो बॅनर. त्यावर किती क्लिक झाले हे कोणीही सांगेल, पण त्यातले बरेचसे अंगठा घसरून झालेले असतात. खरा प्रश्न वेगळा असतो. पट्टी पाहून माणूस दुकानात आला, की तो तसाही येणारच होता? म्हणून आम्ही गिऱ्हाइकांचे दोन गट करतो. एकाला खरी जाहिरात दाखवतो, दुसऱ्याला दुकानाशी काही संबंध नसलेली. हा दुसरा गट म्हणजे कंट्रोल.

क्लायंट होते केशवराव, चिकपेटेतले साड्यांचे व्यापारी. कित्येक पिढ्या बेंगळुरूतच गेलेलं मराठी घराणं. त्यांच्या दारात तीस वर्षं रामण्णा उभा असे. हात वर करून "बन्नी अक्का, बन्नी" म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना आत बोलवायचं, हे त्याचं काम. केशवरावांच्या मुलाला त्या जागी मोठी स्क्रीन हवी होती. केशवरावांना मुलाला नाही म्हणवत नव्हतं आणि रामण्णाला जा म्हणवत नव्हतं. त्यांनी निवाडा माझ्यावर टाकला.

"तुमच्या बॅनरनं माणसं आणली तर स्क्रीन लावू. नाहीतर अण्णा आहेतच. सरी?"

मीही सरी, म्हणजे ठीक, म्हणालो.

आता माझी चूक सांगतो. कंट्रोलसाठी एक नीरस बॅनर हवा होता. फोटो विकत घ्यायचा तर मंजुरीला तीन दिवस लागतात, आणि कॅम्पेन दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू व्हायची होती. माझ्या फोनमध्ये दुकानाला भेट दिली तेव्हा काढलेला रामण्णाचा फोटो होता. दुकानाची पाटी कापून टाकली. लक्ष वेधू नये म्हणून रंग काढले. भोवती करडी चौकट दिली आणि खाली कन्नडमध्ये बारीक अक्षरांत 'पाणी जपून वापरा' लिहिलं. रामण्णाला विचारलं नाही. बॅनर ज्या यादीला दाखवायचे होते ती दुकानाच्या जुन्या गिऱ्हाइकांची होती, आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक जण रामण्णाला ओळखत असणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

बिलाच्या वेळी दुकानात मोबाइल नंबर घेत, त्यामुळे कोणत्या गटातलं कोण आलं ते महिनाअखेर कळलं. पाणीवाला गट बराच पुढे होता.

"डेटा क्लीन कर," शालिनी म्हणाली.

क्लीन करणं म्हणजे विचित्र नोंदी वगळणं. ते रास्त असतं, दोन्ही गटांना एकच नियम लावला तर. मी फक्त कंट्रोलला लावला. त्यात पुष्कळ माणसं अशी होती की जी एकदाच आली आणि सर्वांत स्वस्त अशी एकच साडी घेऊन गेली. मी त्यांना 'असामान्य' ठरवून काढून टाकलं. संध्याकाळपर्यंत आमचा बॅनर जिंकला होता. मारतहळ्ळीला घरी जाताना बसमध्ये मला रामण्णा आठवला. मी फोन काढून क्रिकेटचा स्कोअर पाहिला.

पुढच्या आठवड्यात केशवरावांकडून शिफारसपत्र आणायला गेलो. दारात स्क्रीन झळकत होती. रामण्णाला वरच्या मजल्यावर साड्यांच्या घड्या घालायला बसवलं होतं.

मी गादीवर बसलो असतानाच चामराजपेटेतल्या एक बाई आल्या. हातात मोगऱ्याचा हार. रामण्णाची जागा रिकामी पाहून त्यांनी स्क्रीनसमोर चपला काढल्या आणि हलक्या आवाजात केशवरावांना विचारलं, "अण्णांचा फोटो कुठे लावलाय?"

"कशाला?"

बाईंनी मोबाइल पुढे केला. त्यावर माझा बॅनर होता, त्यांनी जपून ठेवलेला. काळापांढरा रामण्णा, करडी चौकट, आशीर्वादाला उचलावा तसा हात. खालची पाण्याची ओळ इतकी बारीक होती की ती जन्ममृत्यूच्या तारखांसारखी दिसत होती.

केशवरावांनी आधी मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे तुमचं?"

"हो."

"महिनाभर लोक दुकानात येऊन इतकं हळू का बोलत होते, ते आत्ता कळलं."

मलाही कळलं. लोक समाचाराला येत होते. दारात रामण्णा जिवंत उभा, वर "बन्नी अक्का" म्हणतोय. ओशाळून आत शिरायचं आणि काहीतरी घ्यायचं म्हणून सर्वांत स्वस्त साडी घ्यायची. माझी सगळी 'असामान्य' माणसं.

रामण्णाला खाली बोलावलं. बाईंना हार पुढेही करवेना आणि मागेही घेववेना. त्यानेच तो त्यांच्या हातून घेतला, जरा विचार केला आणि स्क्रीनच्या कोपऱ्याला अडकवला. बाईंनी जाताना एक साडी घेतली. स्वस्तातली.

मग मी केशवरावांना डेटा कसा क्लीन केला तेही सांगितलं.

"म्हणजे माणसं अण्णांनीच आणली," ते म्हणाले. "तीस वर्षं जिवंतपणी, आणि महिनाभर तुमच्या कृपेनं मेल्यावर."

दुसऱ्या दिवशी स्क्रीन आत गेली आणि रामण्णा दारात आला. कंपनीचा क्लायंट गेला. शालिनीनं लेखी खुलासा मागितला, तो मी सगळं न लपवता दिला. दोन वर्षं माझं प्रमोशन झालं नाही, ते मला योग्यच वाटलं.

रामण्णाची माफी मागायला गेलो तेव्हा तो कन्नडमध्ये एवढंच म्हणाला, "आधी विचारलं असतं तर मी फोटोत हसलो असतो. मग कोणी हार आणला नसता."

हल्ली कंट्रोलच्या बॅनरवर मी प्लॅस्टिकच्या बादलीचा फोटो टाकतो. आतापर्यंत दोनदा बादली जिंकली आहे. दोन्ही वेळा मी रिपोर्टमध्ये तसंच लिहिलं.