सगुणा येऊन गेली

हे मी आजवर कोणापुढे उघडलं नाही. नवऱ्यापुढे नाही, लेकींपुढे नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्ही आज इथं बसलात, तुम्हाला घाई नाही, म्हणून तोंड उघडते आहे. उद्या उघडलं असतं का — कोण जाणे.

आमच्या गावात माझ्या हातच्या आलूच्या रश्श्याचं नाव आहे. कोणाला ताप आला, कोणी बाळंतीण झाली, म्हाताऱ्याला भाकर उतरेनाशी झाली, की माझ्याकडे वाडगं येतं. मी चूल पेटवते, रस्सा करून देते. लोक म्हणतात, बायजाबाईच्या हातात गुण आहे. मी मान हलवते. दुसरं काय करू?

तेव्हा आलू आमच्याकडे नवेच होते. माळ्याची रुखमा अकोल्याच्या साहेबांच्या छावणीसाठी लावायची. आमच्या सासूबाई तर नावही घेऊ द्यायच्या नाहीत. "सायबाचं खानं मी तोंडाले लावत नाही," म्हणायच्या. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवायच्या नाहीत. हे आधीच सांगते — त्या वाईट होत्या असं तुम्हाला वाटू नये. वाईट कोणीच नव्हतं त्या घरात. माझ्याखेरीज.

ती कापसाची वर्षं होती. कुठं सातासमुद्रापार लढाई लागली होती, आणि तिच्या पायी आमचा कापूस सोन्याच्या मोलानं जाऊ लागला. कोणाचं कोणाशी काय बिनसलं, आम्हाला काय ठाऊक? अमरावतीचे व्यापारी बोंड फुटायच्या आधीच शेतावर येऊन उभे राहायचे. आमच्या ह्यांनी बांधापर्यंत कापसाची पऱ्हाटी लावली. ज्वारीला हातभर जागा ठेवली नाही. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. मला हातांत चांदीचे गोठ केले. सगळं गाव तसंच वागत होतं. आणि मग दाणाच मिळेना. चांदी होती, ज्वारी नव्हती. जमिनीतल्या पेवात आधीच्या साली भरलेली ज्वारी होती, तीच पुरवून खायची. पेव उघडलं की मी आत डोकावून बघायची — किती खाली गेली.

सगुणा माझी नणंद. ह्यांची धाकटी बहीण, माझ्याच वयाची. तिला अचलपूरकडे दिली होती. तिच्या घरी स्वतःची जमीन नव्हती, दुसऱ्याची कसायचे. मालकानं सगळा कापूस लावला. कापूस मालकाचा, आणि ज्वारी कोणाचीच नाही. दर दिवाळीला आत्याबाई तिच्याकडे पेवातली ज्वारी धाडायच्या, पोतं भरून, वर तूर. मी ते पोतं शिवायची. सुई दाबून दाबून शिवायची आणि मनात म्हणायची, आमच्या लेकरांच्या तोंडचं चाललं.

पण मी तिला काय देणं लागत होते, तेही ऐका. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा रोज शेवटी जेवायची. सगळ्यांचं झालं की टोपल्यात तुकडे उरायचे. सगुणाचं तेव्हा लग्न व्हायचं होतं. ती आपल्या पानातली अर्धी भाकर चुलीमागं झाकून ठेवायची, माझ्यासाठी, गरम राहावी म्हणून. कधी बोलून दाखवलं नाही. माझ्याशी कधी उणं बोलली नाही. मग मी तिच्यावर का जळत होते? आई तिची होती म्हणून? मी पुष्कळ वेळा स्वतःला विचारलं आहे.

त्या कार्तिकात आमचं घर तापानं आडवं झालं. हे, आत्याबाई, दोन्ही लेकरं — चौघं चार कोपऱ्यांत. कापूस शेतात फुटून पांढरा झाला होता आणि वेचायला कोणी नव्हतं. मी तेवढी उभी होते. भाकर कोणाला उतरेना. पेज दिली तरी उलटून पडायची. तेव्हा रुखमा पदराच्या ओच्यात आलू घेऊन आली. तिनंच शिकवलं. आलू उकडायचे, सोलायचे. लसूण आणि जिरं ठेचून जवसाच्या तेलात टाकायचं, हळद, मीठ, तिखट अगदी नावाला. मग पाणी घालायचं आणि थोडे आलू पळीनं घोटून त्यातच सोडायचे, म्हणजे रस्सा अंगाला लागेल असा दाट होतो. बाकीच्या फोडी तशाच ठेवायच्या.

आत्याबाईंनी आधी तोंड फिरवलं. मग लेकरांनी पिऊन पुन्हा मागितला तेव्हा त्या म्हणाल्या, "आन इकडं जराक." एक घोट घेतला, डोळे मिटून बसल्या. म्हणाल्या, "पोटात ऊन पडल्यावानी वाटते वो बायजा." माझ्याशी इतक्या मऊ आवाजात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या.

मग मी रोज करू लागले. घर हळूहळू सावरलं. खरं सांगू? मला ते दिवस आवडत होते. सगळे माझ्या पळीकडे बघत होते. घर माझं होतं.

अशाच एका दुपारी सगुणा आली.

मी मागच्या अंगणात पऱ्हाटीच्या काड्या मोडत होते. आत सगळे झोपले होते, चुलीवर पितळी गंज भरून रस्सा रटरटत होता. अंगणाच्या कुडाच्या फटीतून ती आत शिरली, कडेवर पोरगी. गोदा नाव तिचं, नुकती चालायला लागलेली. सगुणाच्या पायांना भेगा पडल्या होत्या आणि लुगडं धुळीनं मातीच्या रंगाचं झालं होतं. अचलपूरकडून चालत आली होती. नवरा भाड्याच्या गाड्या घेऊन खानदेशाकडे कापूस पोचवायला गेला तो परतला नव्हता, घरात दाणा नव्हता — हे तिनं सांगितलंही नाही. बघूनच कळत होतं.

"वयनी," ती म्हणाली, "माय कुठी हाय?"

मी उठले. घराचं मागचं दार उघडं होतं. ते मी ओढून घेतलं, आणि त्याच्यापुढे उभी राहिले.

"आत्याबाई नाईत घरी," मी म्हणाले. "हे त्याईले घेऊन अमरावतीले गेले. गाड्या खाली झाल्या की येतील."

ठरवून नाही म्हणाले. पण ते अडखळलंही नाही. इतकं सोपं निघालं की मलाच नवल वाटलं.

तिनं दाराकडे बघितलं. "चुलीवर काय हाय? वास येऊन राहिला."

"बैलाईले सरकी शिजवून राहिली."

सरकीला लसणाचा वास येतो का? तिला कळत नव्हतं का? पोरीनं मान वळवून वासाच्या दिशेला तोंड केलं होतं. मग सगुणा म्हणाली, "ओट्यावर बसतो मी ते येतवर. आत नाही येत."

"गावात ताप हाय, सगुणाबाई. पोरीले घेऊन नोको थांबू."

हे मी पुढं अनेक वर्षं स्वतःला सांगितलं — तापाची भीती होती, पोरीच्या भल्यासाठी म्हणाले. खोटं आहे. मला तापाची आठवणही नव्हती. माझ्या डोळ्यापुढे पेव होतं, पळी होती, आणि आत्याबाई लेकीला पोटाशी धरून माझ्याकडे पाठ करून बसतील ते चित्र होतं.

आणि तेवढ्यात आत आत्याबाई खोकल्या.

आईचा खोकला कोणत्या लेकीला ओळखू येत नाही? सगुणानं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते — आता ती मला बाजूला सारील, हाक मारील, रडेल. तसं झालं असतं तर मी वाचले असते. तिनं काहीच केलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं, एवढंच. मग म्हणाली, "पोरीले पानी दे जराक."

मी पाणी दिलं. पोरगी घटाघटा प्यायली.

"मायले सांगजो," सगुणा म्हणाली, "मी येऊन गेली."

आणि ती गेली. अकोल्याच्या वाटेला लागलेली मी तिला पाहिली. तिकडे आगगाडीच्या रस्त्याचं मातीकाम चालू होतं, बायांनाही टोपलीवर घेत होते. आपल्या घराकडे नाही, तिकडेच वळली ती — हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. लक्षात ठेवा हे.

मी आत येऊन वाडगी भरली. आत्याबाईंनी विचारलं, "कोन आलं होतं वो? सगुणासारका आवाज वाटला मले."

"रुखमा आली होती. तापात कानात काईबाई वाजते, आत्याबाई."

त्या दोन वाडगी रस्सा प्यायल्या. सगळ्यांचं झालं, माझं झालं, तरी गंजात उरला. दुसऱ्या दिवशी आंबला म्हणून मी तो सांडून दिला. रोजच उरायचा. काय कमी होतं आमच्या घरात?

तुम्हाला वाटलं असेल, झालं, हाच तो गुन्हा. मलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं. पण नाही. दारातलं ते एका क्षणात झालं. पुढचं मी बसून, समजून केलं.

पऱ्हाटीचा शेवटचा वेचा चालू असताना सगुणाचा नवरा आमच्या दारी आला. खानदेशात गाडी मोडून अडकला होता. घरी पोचला तर बायको नाही, पोर नाही. माहेरी असेल म्हणून धावत आला होता. हे अंगणात उभे राहिले, आत्याबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. "ती कुठी आली अठी?" असं त्या त्यालाच विचारत राहिल्या. सगळे एकमेकांकडे बघत होते. मी उंबऱ्यात होते.

तेव्हा एक वाक्य बोलायचं होतं. आली होती, अकोल्याकडे गेली. शिव्या खाल्ल्या असत्या, माहेरी हाकलली असती, बस. मी हातातलं सूप पाखडत राहिले.

हे आणि सगुणाचा नवरा गाडी जुंपून उलट दिशेला गेले. अचलपूर धुंडाळलं, वाटेतली गावं धुंडाळली, नातेवाइकांची घरं विचारली. मी जागा सांगितली असती तर त्याच दिवशी पोचले असते. अकोल्याच्या कामावर जायला त्यांना खूप उशीर झाला. तोवर तिथं मजुरांत पटकी लागून गेली होती. एका म्हातारीनं सांगितलं, अचलपुराकडची एक बाई होती, माती वाहायची, कोणाशी बोलायची नाही. पटकीतच ती गेली. पोरीला कोण्या मजुरांनी सोबत नेलं. काम पुढं सरकलं होतं, माणसं पांगली होती. कुठली माणसं, कुठल्या मुलखाची — म्हातारीला ठाऊक नव्हतं. ह्यांनी बडनेऱ्यापर्यंत रस्ता पालथा घातला. गोदा सापडली नाही.

हे परत आले ते बैलांना पाणीही न दाखवता ओसरीत बसले. मी रस्सा करून पुढं ठेवला. त्यांनी खाल्ला. काय करतील, भूक लागली होती.

पुढं लढाई संपली, कापसाचा भाव पडला, शिंगांच्या शेंब्या गेल्या, गोठ गेले, शेतात पुन्हा ज्वारी आली. आत्याबाई पुष्कळ वर्षं जगल्या. आणि त्यांचा एकच प्रश्न. कधी जात्यावर, कधी उन्हात बसल्या बसल्या. "माती वाहाले गेली, पन मायकडे काऊन नाही आली? मी काय केलं होतं तिचं?" मी शेजारी बसलेली असायची. त्या मला विचारायच्या, "तुले तरी काई बोलली होती का कधी? माह्यावर राग होता का तिचा?" मी म्हणायची, नाही, आत्याबाई. शेवटच्या आजारात तर माझा हात धरून विचारलं. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं. आणि म्हणाले, "रस्सा करू का थोडा?"

त्या हो म्हणाल्या. मी उठून चुलीपाशी गेले.

लेक आपल्याला विसरली असं समजून आई गेली. आईनंच घरात असून माझ्याकरवी दार लावून घेतलं असं समजून लेक गेली. दोघींपैकी कोणीच असं केलं नव्हतं.

गोदा जगली असेल तर आता तिला नातवंडं असतील. आपण कोणाच्या, हे तिला कसं कळणार? ज्यांना तिचा चेहरा आठवत होता ते सगळे गेले. मी राहिले आहे. रेल्वेच्या बाजूची परकी बाई बाजारात दिसली की मी तिच्या तोंडाकडे बघत नाही. खाली बघून पुढं जाते.

आणखी एक सांगायचं आहे, मग झालं. तुम्हाला वाटेल, इतकं करून या बाईची झोप उडाली असेल, अन्न गोड लागलं नसेल. तसं झालं नाही. त्या दुपारीही मी भरपेट जेवले आणि लेकरांजवळ आडवी झाले. मला छान झोप लागली. अजून लागते.