भांडणाला पुरेल असा प्रोसेसर

कॉम्प्युटर म्हातारा झाला की नाही, हे अक्का अवरे, म्हणजे आपले वाल, सोलून ठरवायच्या. मशीनला एखादं मोठं काम लावायचं आणि भिजवलेल्या अवऱ्याच्या दाण्यांचं पातेलं मांडीवर घेऊन समोर बसायचं. पातेलं संपायच्या आत काम झालं, तर मशीन अजून धडधाकट. "माझे हात रिकामे राहिले की नवा घेईन," असं त्या म्हणायच्या. पण अवऱ्याचा हंगाम सरला की लसूण निघायचा, लसूण झाला की चिंच, आणि त्यांचे हात काही रिकामे राहायचे नाहीत.

मल्लेश्वरममध्ये मी त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. पुण्याहून नोकरीसाठी आलेला, एकटा. अक्का शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचं घराणं कैक पिढ्या बेंगळुरूतलं, त्यामुळे मराठीत कन्नड मुरलेलं; माझ्या मराठीला त्या 'पुस्तकातली' म्हणायच्या. मी नव्या प्रोसेसरच्या बातम्या चवीने वाचायचो आणि पुढचा आणखी चांगला येतोय म्हणून आताचा कधीच घ्यायचो नाही. "अय्यो, तुझं लग्नपण असंच राहणार बघ," असं अक्का म्हणायच्या. त्यांचं भाकीत पुष्कळ वर्षं खरं ठरलं.

त्यांचे यजमान अण्णा, कोर्टातले निवृत्त टायपिस्ट. अक्कांचं कुठलंही वाक्य अर्ध्यावर आलं की हे मध्येच गरजणार, "साफ चूक!" मग दोघं एकदमच बोलायचे. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, खाली काहीतरी मोठं बिनसलंय, म्हणून मी धावत खाली गेलो. विषय होता सारात गूळ किती घालायचा हा. मला बसवून घेतलं, जेवायला वाढलं आणि भांडण पुढे चालू ठेवलं.

मग अण्णांच्या घशाचं दुखणं निघालं. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. अक्का रडल्या असतील, मी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला माइक आणायला पिटाळलं, ते मात्र आठवतं. एखाद्याचा आवाज ऐकवून शिकवला, की टाइप केलेलं त्याच आवाजात बोलणारे प्रोग्राम आता मिळतात. तयार आवाजही होते, पण ते अक्कांनी झिडकारले. "हे बातम्या सांगतंय रे. आमच्यासारखं 'स्वल्प' म्हणायला येत नाही याला."

अण्णांना वाचायला बसवलं, तर तेही बातम्या सांगितल्यासारखंच वाचायला लागले. अक्कांनी कागद काढून घेतला, माइक तसाच चालू ठेवला आणि दुधातल्या पाण्यावरून नव्याने कुरापत काढली. दुधवाला बिचारा सज्जन माणूस आहे, असं त्या म्हणाल्या मात्र, अण्णा उसळलेच. ऑपरेशनच्या दिवसापर्यंत त्या रोज नवा विषय काढून त्यांना चिडवत होत्या. "मला भांडणाऱ्या माणसाचा आवाज पाहिजे, शहाण्या माणसाचा नको," त्या मला म्हणाल्या.

ऑपरेशन नीट झालं. अण्णांची बोटं जुन्या सवयीने भराभर चालायची, पण मशीन म्हातारं. वाक्य टाइप व्हायचं, पंखा घरघरायचा, आणि स्पीकरमधून "साफ चूक!" येईपर्यंत अक्का तिसऱ्याच विषयावर गेलेल्या असायच्या. मग त्या मुद्दाम थांबून राहू लागल्या. एक बोलणार, दुसरा वाट बघणार. "आमच्या घरात पाळीपाळीने कोण बोललंय कधी?" त्या कुजबुजल्या. मी म्हणालो, दोन-तीन महिने कळ काढा, पुढचा प्रोसेसर फार वेगवान आहे म्हणतात. "सरी, बरं, थांबू की," म्हणून त्यांनी पातेलं जवळ ओढलं.

त्यानंतर एका सकाळी अण्णांना डिवचायला म्हणून त्या म्हणाल्या, "घराला गुलाबी रंग देऊ या, काय?" अण्णांचे हात कीबोर्डकडे गेले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, हात मांडीवर ठेवले आणि मान डोलावली.

अक्कांनी अर्धवट राहिलेलं पातेलं खाली ठेवलं. मला दारापर्यंत ओढत नेऊन म्हणाल्या, "हे 'हो' म्हणाले. लग्न झाल्यापासून कधी म्हणाले नव्हते. चप्पल घाल."

"अक्का, दोनच महिने—"

"दोन महिन्यांत ह्यांची बोलायची सवय जाईल. मग जगातला सगळ्यात वेगवान आणून काय त्याची पूजा करू?"

मेट्रोने आम्ही चिकपेटला उतरून कॉम्प्युटरच्या गल्लीत गेलो. दुकानदार भला माणूस. "एरडु तिंगळल्लि होसदु बरुत्ते, अक्का," दोन महिन्यांत नवा येतोय, असं त्यानेही सांगितलं. अक्का म्हणाल्या, "इवत्तु एनिदे, अदु कोडी." आज जे आहे, ते द्या. जुन्या बोर्डवर नवा प्रोसेसर बसत नाही, बोर्डही बदलावा लागेल, हे मी चाचरत सांगितलं. "म्हणजे बटणासाठी सदरा घ्यायचा. घे," एवढंच त्या म्हणाल्या. रिक्षात ते खोकं त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरलं होतं.

दुपारी सगळं जोडून झालं. अण्णा खुर्चीत बसले. अक्का पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. "मी काय म्हणत होते, तो दुधवाला मुळात सज्जन—"

"साफ चूक!"

आवाज अण्णांचा होता आणि तो मध्येच आला होता. अक्कांचे डोळे घळघळा वाहायला लागले. "मला बोलू तर द्या!" त्या ओरडल्या, आणि तेवढ्यात स्पीकर पुन्हा बोलायला लागला. मी त्या दोघांना तिथेच सोडून वर गेलो आणि जिन्यातच बसून राहिलो, कारण माझंही काही ठीक नव्हतं.

पुढे मी पुण्याला परतलो. अक्कांनी घेतलेला तो प्रोसेसर आता जुना झाला. त्याच्यानंतर किती आले, मी मोजत नाही. काही घ्यायचं-करायचं असलं आणि मन 'थोडं थांबू' म्हणायला लागलं, की मी चप्पल घालतो. लग्नही तसंच केलं. ती बातमी द्यायला फोन केला तेव्हा अक्का म्हणाल्या, "ऐक, मी सांगते, संसारात पहिली गोष्ट—" आणि मागून अण्णांनी तोफ डागली. मग दोघं एकदमच बोलायला लागले. मला एक अक्षर कळलं नाही. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.