मक्का दरवाज्यापर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी सिंदीच्या खालाचं नाव घेतो. नाव म्हणजे खालाच. तिचं खरं नाव मी कधी ऐकलं नाही. रेल्वेच्या सिंदीत, कापसाच्या जिनाच्या मागच्या गल्लीत तिचं घर होतं. नवरा पिंजारी होता. तो गेल्यावर पिंजण तिनं स्वतःच्या हातात घेतलं. थंडी जवळ आली की तिच्या ओसरीतून पिंजणाच्या तातीचा टंव-टंव आवाज सुरू व्हायचा आणि गल्लीभर कापसाचे तंतू उडायचे. समोरचं घर आमचं. माझे वडील जिनात गाठी उचलत.

मी जन्मलो तेव्हा आई तापानं अंथरुणाला खिळली आणि तिला दूध आलं नाही. त्याच महिन्यात खालाचं तान्हं बाळ गेलं होतं. मुलगा होता. खाला आमच्या दारात आली, मला उचललं आणि घेऊन गेली. दात येईपर्यंत मी तिच्या अंगावर प्यालो. त्या काळी आमच्या हातचं पाणीही लोक घेत नसत, त्यामुळे कुजबुज दोन्हीकडून झाली. हे सगळं मला आईनं सांगितलं. खाला त्याबद्दल कधीच बोलली नाही.

ती बोलायची ते जेद्दाबद्दल. तिचा नवरा तरुणपणी आपल्या वडिलांबरोबर हजला जाऊन आला होता. मक्केची गोष्ट तो गप्पांमध्ये काढत नसे, पण जहाज जिथं लागतं त्या जेद्दा शहराचं वर्णन त्यानं आयुष्यभर केलं आणि ते खालाला पाठ झालं होतं. शाळेतून आलो की मी तिच्यासमोर बसून रजईला टाके घालायला मदत करी, आणि ती मला त्या शहरातून हिंडवून आणी.

"समुंदरातले गोटे काढून घरं बांधले त्याईनं," ती सांगे. "चार-चार मजले. अन् खिडक्या कशा, भाईर आलेल्या, लाकडाच्या, जाळीच्या. आतली बाई सारं पाह्यते, तिले कोनी पाहू शकत नाई."

"मंग तुह्यासाठी बरं गाव आहे," मी म्हणे.

"चूप बैस, पोट्ट्या. टाका वाकडा चालला." मग जरा वेळानं, "पुऱ्या गावात झाड एकच. निंबाचं. आपल्या दाराशी आहे तसंच. तुहे काका त्याच्या सावलीत बसले अन् रडले म्हने. घर याद आलं."

"तू काऊन नाई जात?"

"बाईले एकटं जाता येत नाई. संग नवरा पाह्यजे, नाईतर भाऊ, नाईतर पोरगा. माह्याजवळ कोन आहे?"

हे वाक्य मी लहानपणापासून मॅट्रिक होईपर्यंत ऐकलं. दर वेळी मी मान हलवली आणि पुढचा टाका घातला.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. खाला पर्द्याची पक्की होती. किराणावाला आला, पोस्टमन आला, बहिणीचा जावई आला, तरी ओढणी कपाळाच्या खाली यायची आणि आवाज दाराआडून. मला मिसरूड फुटली, मी पायजमा सोडून पँट घालू लागलो, तरी माझ्यापुढे ती उघड्या डोक्यानं बसे, हातानं पंखा हलवत, पायाला तेल चोळत. याचा अर्थ मी माझ्यापुरता लावला होता. पर्दा करायचा तो माणसांपुढे. आमची जात त्या मोजणीत येत नसावी. एवढी माया करणाऱ्या बाईच्याही मनात ते असावं, याचं मला वाईट वाटे, पण मी विचारलं नाही. असल्या गोष्टी न विचारता समजून घ्यायची आम्हाला सवयच होती.

वर्ध्याला कॉलेजात गेलो तेव्हा गावाजवळच्या दुसऱ्या सिंदीत, सिंदी मेघ्याला, एका खोलीत राहिलो. रविवारी सायकलनं पवनारच्या आश्रमात जायचो. तिथं धाम नदीच्या काठावर सत्याबद्दल जे काही सांगितलं जाई, ते वहीत उतरवून घ्यायचो आणि तसं वागायचा प्रयत्न करायचो. आमच्या घरात शिकलेला मी पहिला, त्यामुळे छापलेलं आणि व्याख्यानात सांगितलेलं मला सगळंच खरं वाटे. पुढे घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आलो तेव्हा खाला म्हणाली, "आता तुमच्यात काय काय सोडा लागते?"

मी एकेक सांगू लागलो.

"अन् ईदचा शीरखुर्मा?"

"तो नाई सोडला."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि पिंजण उचललं.

पदवी मिळाली आणि मुंबईत एका जहाज कंपनीत कारकुनी मिळाली. हजच्या मोसमात जहाजावर जायची माझी पाळी आली. कंपनीची एक सवलत होती: जहाजावर जाणाऱ्या कारकुनाला आईला किंवा वडिलांना बरोबर नेता येई. आमचे हेडक्लार्क रत्नागिरीकडचे होते. त्यांनी विचारलं, "आईला आणताय ना?"

मी म्हटलं, आईला पाण्याची भीती वाटते, आणि तिला तिकडे जायचंही नाही. बोलता बोलता खालाची गोष्ट निघाली.

"मग तिलाच आई म्हणून आणा की. साहेब काय तुमची कुंडली बघणारेत? गेल्या खेपेला मी आत्याला आणली."

"पण ते खोटं होईल."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "वर्ध्याची माणसं, बाबा. तुमच्याकडे खोटं पिकतच नाही."

मला ते टोमण्यासारखं लागलं नाही. उलट बरं वाटलं. खोटं बोलून मिळणारी गोष्ट आपण नाकारली, याचं मला समाधान होतं. हे लिहिताना सगळ्यात जड जातं ते त्या समाधानाबद्दल लिहिणं.

निघण्याआधी सिंदीला गेलो. "खाला, मी जेद्दाले चाललो," म्हटलं. पिंजण थांबलं.

"तू?"

"नोकरीवर."

"चांगलं आहे." तिनं मांडीवरचा कापूस झटकला. "तो निंब आहे का पाहून येजो." मग हसून म्हणाली, "तिकडं जानारे घरोघरी जाऊन म्हनत असतात, काई चुकलं-बोललं असन तर कहासुना माफ करजो. तू नाई म्हनत?"

"मी काय हजले चाललो का, खाला?" मीही हसलो. तिनं मान हलवली आणि पिंजण पुन्हा सुरू झालं.

जेद्दाला यात्रेकरू उतरले आणि बसनं पुढे गेले. जहाज बंदरात होतं. एके दिवशी दुपारनंतर आम्हा कर्मचाऱ्यांना सुट्टी मिळाली, पण बाकीचे झोपले. मी एकटाच निघालो. एजंटाच्या कचेरीतला एक पन्नाशीचा माणूस वाटाड्या म्हणून बरोबर आला. त्याचे आजोबा सुरतेकडून आलेले होते. तो हिंदुस्तानी बोले. शहर पायीच बघायचं, असं त्यानं ठरवून टाकलं. "मोटर में बैठा तो गली रूठ जाती है," म्हणाला.

बंदराकडून आत शिरलो आणि चार पावलांत ऊन गेलं. गल्ल्या अरुंद, वळणावळणाच्या, पायाखाली वाळू. वळणं मुद्दाम ठेवलीत, वाटाड्या म्हणाला, म्हणजे सावली राहते आणि समुद्राचा वारा आतपर्यंत येतो. दोन्ही बाजूंना पांढरी उंच घरं. भिंतीला हात लावून पाहिला तर दगडात शिंपल्यांचे ठसे. दगडांच्या मध्ये आडव्या लाकडी पट्ट्या घातलेल्या. आणि वर त्या खिडक्या, भिंतीतून पुढे आलेल्या, जाळीदार, एकावर एक थेट गच्चीपर्यंत. वाटाड्या समजावून सांगत होता आणि मी त्याच्याआधीच पुढचं बोलत होतो.

"आप पहले आए हैं?" त्यानं विचारलं.

बाजारात कॉफी आणि ऊद यांचा वास मिसळलेला. कापडाच्या दुकानांत आपल्याकडचे ताके. पुढच्या वळणावर तो निंब दिसला. एका मोठ्या वाड्यासारख्या घरापुढे उभा, फांद्या खिडक्यांपर्यंत पोचलेल्या. कितीतरी वर्षं गावात हे एवढंच झाड होतं, असं वाटाड्या म्हणाला. मी बुंध्याशी बसलो. कुठूनतरी टंव-टंव आवाज येत होता. समोरच्या बोळात एक म्हातारा गाद्यांचा कापूस पिंजत बसला होता.

मग मला बोलल्यावाचून राहवलं नाही. खालाबद्दल सगळं सांगितलं. रजया, तिचं बाळ, माझं दूध पिणं, "माह्याजवळ कोन आहे" हेही. वाटाड्या ऐकत राहिला. निंबापासून रस्ता थोडा चढत गेला आणि आम्ही मक्का दरवाज्यापाशी आलो. गावाची तटबंदी पाडून टाकली होती. दरवाजा तेवढा राहिला होता आणि त्याच्यातून धूळ उडवत गाड्या मक्केच्या रस्त्याला लागत होत्या. मुसलमान नसलेल्याला त्या रस्त्यानं पुढे जाता येत नाही. मी थांबलो. तोही थांबला.

"उसे लाए क्यों नहीं?" तो म्हणाला.

"सख्खा मुलगा लागतो ना. मी कोण?"

तो जरा रागावलाच. "दूध पिया है न? तो बेटे हो. हमारी शरीयत में दूध का बेटा बेटा है. उससे निकाह हराम, उससे पर्दा नहीं. अपने पेट के बेटे जैसा." मग त्यानं विचारलं, "वो तुमसे पर्दा करती है?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्यापुढे कधीच केला नाही."

"फिर? वो तो जानती है."

त्यानंतर त्यानं काय दाखवलं ते मला आठवत नाही. परतीच्या वाटेवर त्या खिडक्यांकडे मी मान वर करून पाहू शकलो नाही. जिला आई म्हणणं मी खोटं समजलो, ती माझ्यापुढे उघड्या डोक्यानं बसून ते खरं आहे असं रोज सांगत होती. आणि मी त्याचा अर्थ जातीत शोधला.

पुढच्या मोसमात खाला आली. पण मधल्या वर्षात काचबिंदूनं तिचे डोळे नेले. नागपूरच्या डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून सांगितलं. माझ्या दंडाला धरून ती त्याच गल्ल्यांतून चालली. भिंतींना तळहात लावत होती.

"खिडक्या आल्या का?"

"आल्या."

"उघड्या का बंद?"

"एक उघडी आहे. वरची."

"कोनी उभं आहे?"

"नाई दिसत."

"दिसनारच नाई," ती समाधानानं म्हणाली. निंबाच्या बुंध्याला तिनं दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मक्का दरवाज्यापाशी हिंगणघाटच्या एका कुटुंबातल्या बायकांच्या हाती मी तिचा हात दिला. ती म्हणाली, "तू इथंच थांबजो." मी थांबलो. माझ्याकडून तेवढंच शक्य होतं. एक मोसम आधी आणलं असतं तर तिला ते सगळं दिसलं असतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. तिचा स्वभावच तसा.

तिला मी पत्र लिहिलं होतं ते पहिल्या खेपेला, दरवाज्यावरून जहाजावर परतल्यावर. शाळेतले गुरुजी तिला वाचून दाखवणार होते, म्हणून घरच्या बोलीत लिहिलं. आधी कच्चं लिहायची माझी सवय. ते कच्चं माझ्याजवळ राहिलं.

"खाला,

सलाम. मी ठीक आहे. आज तुहं जेद्दा पायी फिरलो.

घरं समुंदराच्या गोट्याचेच आहेत. गोट्यात शिंपल्याचे ठसे आहेत, हे काकाईनं सांगतलं नव्हतं का तू विसरली? खिडक्या तशाच आहेत. निंब आहे. पाला तोंडात घालून पाह्यला, आपल्यासारखाच कडू आहे. इथंही एक बुढा पिंजण घेऊन बसते. त्याचा हात तुह्याइतका जलद नाई.

निंबापासून रस्ता चढते अन् मक्का दरवाजा लागते. मले तिथवरच जाता येते. तिथवर मी तुले आनतो. पुढं नेनारे चांगले लोक जहाजावर भेटतात.

तू म्हने, माह्याजवळ कोन आहे. मी तुह्यासमोरच बसून राह्यलो होतो. तू सांगतलं काऊन नाई, हे मी विचारत नाई. तू रोज सांगत होती, मलेच वाचता आलं नाई. इतकं शिकून नाई आलं.

साहेबाले मी आजच लिहितो का पुढच्या मोसमात माही आई येनार आहे. ते खोटं नाई.

डोळे दुखते म्हनत होती. रातच्याले शिवत नको जाऊ.

जाताना तू म्हनाली ते मी हासण्यावारी नेलं. आता म्हनतो. कहासुना माफ करजो.

तुहा पोरगा"