पाकिटातला विसार

दौंडच्या वॉलेट एजंटनं मला फसवलं, आणि माझ्या तोंडून आप्पांना फसवलं. पहिलं मी एक वेळ विसरेन. दुसरं विसरणार नाही.

आप्पा म्हणजे शिरूरजवळच्या एका वस्तीवरचे घोंगडी विणणारे. नात्यानं माझे कुणी नव्हेत. पण मी बाजारात पोतं अंथरून बसायचो तेव्हापासून माल त्यांचाच. पोत्याची टपरी झाली, टपरीचं दुकान झालं. कुणी दिलं नाही, एकेका गिऱ्हाइकाशी घसा फोडून मिळवलं. पुढं सायबर कॅफे निघाले तेव्हा एका कॅफेवाल्याकडून वेबसाइट करून घेतली. लोक हसले, घोंगडी काय इंटरनेटवर विकतोय म्हणाले. मग हैदराबादहून, बेंगळुरूहून फोन यायला लागले, तेव्हा हसायचे थांबले.

घोडं अडायचं पैशांपाशी. आपल्या कार्डाचा नंबर शिरूरच्या घोंगडीवाल्याला द्यायला गिऱ्हाईक घाबरायचं. बँकेकडं कार्डाची सोय मागितली, तर त्यांनी सांगितलेली अनामत ऐकूनच मी खुर्चीवरून उठलो. अशात हा एजंट दुकानात आला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेला, गळ्यात टाय, बोलणं गोड. एका नव्या कंपनीचं वॉलेट तो ऑनलाइन विकणाऱ्यांना देत होता. गिऱ्हाइकानं कंपनीकडं स्वतःच्या पाकिटात आधी पैसे भरून ठेवायचे. आमच्या साइटवर माल निवडून वॉलेटचं बटण दाबायचं. पैसे माझ्या पाकिटात दिसणार आणि काही दिवसांनी तिथून बँकेत जाणार. कार्ड मला दाखवायची गरजच नाही. युक्ती चांगली होती, ते आजही म्हणतो.

कमिशनवर आमची जुंपली. त्यानं टक्के सांगितले, मी निम्मे म्हणालो, आणि चहा संपायच्या आत तो जवळजवळ निम्म्यावर आला. इतक्या सहज खाली येणारा माणूस दुसरीकडून वसूल करतो हे मला बाजारानं शिकवलं होतं, म्हणून मी खोदून विचारलं. पैसे पाकिटात दिसतात पण बँकेत आलेले नसतात, त्या मधल्या दिवसांत ते नक्की कुणाचे?

"मामा, विसार समजा," तो म्हणाला. "विसार आला की सौदा पक्का. तुम्ही माल सोडायचा."

हा शब्द त्यानं काढला, मी नाही. आमच्याकडं मेंढरांच्या बाजारात तळहातावर विसार पडला, की मागून कुणी जास्त भाव दिला तरी जनावर दुसऱ्याला जात नाही. घेणाऱ्यानं पाय मागं घेतला तर विसार बुडाला, तो विकणाऱ्याचा. त्याला कागद लागत नाही, साक्षीदार लागत नाही. दौंडात वाढलेल्या माणसाला हे ठाऊक नाही असं मला कुणी सांगू नये.

काही महिने सगळं सुरळीत चाललं. मग थंडीच्या तोंडावर बेंगळुरूच्या एका दुकानदारानं मोठी मागणी नोंदवली. आप्पांचा अख्खा हंगामाचा माल त्यात जाणार होता. पाकिटात पैसे दिसले तसा मी वस्तीवर गेलो. आप्पा मागावर ताणलेल्या घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होते. ओट्यावर सोलापूरकडचा एक व्यापारी बसला होता, रोखीनं सगळा माल उचलायला आलेला. आप्पांनी हात पुसले आणि मला एकच गोष्ट विचारली.

"विसार आलाय?"

"आलाय, आप्पा."

"मग झालं." ते व्यापाऱ्याकडं वळले. "पावनं, च्या घ्या, पर माल आता न्हाई. विसार झालाय."

व्यापाऱ्यानं भाव वाढवून पाहिला. आप्पांनी मान हलवली. तो उठून गेला.

माल टेम्पोत घालून मी दौंडला नेला. पार्सल ऑफिसात गठ्ठे तोलले, पावती घेतली. बेंगळुरूची गाडी यायला अवकाश होता, म्हणून स्टेशनासमोरच्या एजंटच्या गाळ्यात गेलो. पैसे बँकेकडं निघाले का, एवढंच बघायचं होतं. त्यानं कॉम्प्युटर उघडला, आणि माझ्याकडं न बघता पडदा आपल्याकडं वळवला. मी तो परत फिरवला. मागणीपुढं लाल अक्षरांत रद्द लिहिलेलं होतं. पाकीट रिकामं.

मी दुकानदाराला फोन लावला. त्याला दुसरीकडं स्वस्त मिळालं होतं. लपवलं नाही त्यानं, उलट मीच का तापलोय हे त्याला कळेना. "सिस्टीम ने बटन दिया, मैंने दबाया," म्हणाला. माल पोचल्याची नोंद होईपर्यंत गिऱ्हाईक पैसे परत ओढून घेऊ शकतं, हा कंपनीचा नियम. एजंटला तो पहिल्या दिवसापासून माहीत होता.

भांडायला वेळ नव्हता. गाडीनं केडगाव सोडल्याचं भोंग्यावर सांगत होते. मी रस्ता, जिना, फलाट ओलांडून पळालो. आप्पांचे गठ्ठे हातगाडीवर चढून फलाटाच्या टोकाला निघाले होते. हमालाला थांब म्हणालो, तो म्हणाला साहेबांचा हुकूम आणा. पार्सलबाबू म्हणाला, अर्ज लिहा. लिहिताना पेन कागदातून आरपार गेलं. बाबूनं पावती उलटसुलट बघितली, शिक्का शोधला, शाईची डबी उघडली. गाडी फलाटाला लागली. डब्याचं दार उघडलं आणि पहिला गठ्ठा आत गेलासुद्धा. मी हातगाडीच्या चाकाला पाय लावून उभा राहिलो. हमालानं आईवरून शिवी दिली, मी परत दिली. शेवटी बाबू शिक्का मारलेला कागद हलवत आला. गेलेला गठ्ठा खाली आला आणि गाडी सुटली.

तसाच परत गाळ्यात गेलो. एजंट पाण्याचा पेला घेऊन उभा होता.

"मामा, बसा. नुकसान काय झालं सांगा. माल तर तुमचा तुमच्याकडंच हाय."

घाईत का होईना, त्याच्या तोंडून आपल्याकडचं हाय निघालं. मी त्याचा टाय धरला. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं सोडवलं नसतं, तर गोष्ट पोलिसांत गेली असती.

नुकसान काय, ते मला संध्याकाळी वस्तीवर कळलं. आप्पांनी गठ्ठे एकेक मोजून उतरवून घेतले. सोलापूरच्या व्यापाऱ्यानं तोवर दुसरीकडं माल भरला होता. मी खिशातून पैसे काढायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं.

"तू न्हाई मोडलास सौदा. मोडणाऱ्यानं भरावं. विसार कुठं गेला, तेवढं सांग."

मी पैसे परत खिशात ठेवले. उन्हाळ्यात त्या मालाला कसर लागली. पुढं आप्पा मला माल देत राहिले, पण रोखीनं. विसार हा शब्द आमच्यात पुन्हा निघाला नाही. ते गेले तेव्हाही नाही.

आता चहाच्या टपरीवरही लोक फोनमधल्या पाकिटातून पैसे देतात, मीही घेतो. माझं भांडण पाकिटाशी नाही. ती कंपनी बंद पडली. एजंट मात्र दौंडातच आहे, मोठा झालाय, समोर आला की रस्ता बदलतो. त्यानं रस्ता बदलू नये. आप्पांचा ओटा अजून तिथंच आहे आणि त्यांची माणसंही. त्यानं तिथं येऊन बसावं, आणि सौदा मोडल्यावर विसार गिऱ्हाइकाकडं परत कसा गेला, हे त्यांच्यासमोर सांगावं. शब्द त्याचा होता. जबाब त्यानंच द्यायचा.