पाठ झालेली पुस्तकं

भाची दुसरीत गेली तरी तिला वाचता येत नाही, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. वाशीच्या त्या नव्या वसाहतीत दिवेलागणीला खिडक्या-खिडक्यांतून पाढे आणि धडे मोठ्याने ऐकू येत. खणखणीत म्हणता आलं म्हणजे येतं, अशी सगळ्यांची साधी समजूत होती. भाचीही ओळींवरून बोट फिरवत अख्खा धडा म्हणायची, स्वल्पविरामाला थांबायचीसुद्धा. मी तेव्हा तुर्भ्याच्या एका रासायनिक कारखान्याच्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले होते आणि ताईकडे राहत होते. एका रविवारी भाचीकडून दोन पानं एकदम उलटली गेली. धडा मात्र न अडखळता पुढे चालू राहिला.

मी पुस्तक मिटलं आणि त्यातलाच ‘घर’ हा शब्द कागदावर लिहून दिला. तिने तो बराच वेळ न्याहाळला, मग हसली. “मावशी, कुठल्या धड्यातला आहे ते सांग, मग सांगते.”

ही मुलगी मंद नव्हती. खाडीचं पाणी रोज थोडं उशिरा चढतं, हे तिने आपणहून हेरलं होतं आणि मला कारण विचारून भंडावलं होतं. पूल ओलांडून तिला मुंबईच्या डॉक्टरांकडे नेलं. डोळे उत्तम, कान उत्तम. पुढे काय करायचं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

प्रयोग फसला तर एक घटक बदलून तो पुन्हा करायचा, एवढं मला शिकवलेलं होतं. त्याप्रमाणे मी बदलत गेले. आधी पाटी, मग ताटात पसरलेला रवा, मग खरखरीत कागदाची कापलेली अक्षरं. डोळे मिटून ती ‘म’ बोटाने बरोबर ओळखे. दुसऱ्या दिवशी तोच तिला ‘भ’ वाटे. कामावरून परत येताना मी नवी युक्ती जुळवत असे आणि जेवणं होईपर्यंत ती मोडलेली असे. हळूहळू बदलण्यासारखं काही उरेना. मला पाहिलं की ती दप्तर पलंगाखाली सरकवू लागली.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाईंनी ताईला बोलावून घेतलं. उत्तरपत्रिका कोऱ्या येत होत्या. वार्षिक परीक्षेत तोंडी वाचन जमलं नाही, तर दाखला काढून मुलीला मतिमंदांच्या शाळेत घालावं, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. वाचन पाठ्यपुस्तकातलंच असणार होतं.

ताई त्या संध्याकाळी स्वयंपाकाला उठलीच नाही. “तू नुसतं वाच गं तिच्यासमोर,” ती म्हणाली. “एकदा ऐकलं की तिचं पाठ होतं.”

“ते वाचन नव्हे, ताई.”

“मग मला वाचन नकोय. मला तिची शाळा हवी आहे.”

त्याच रात्री भाचीला जवळ बसवलं. मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं. कोणत्या चित्रापाशी कोणता धडा, कोणत्या शब्दाला पान संपतं, तेही सांगितलं. पलंगाखालचं दप्तर आपोआप बाहेर आलं. इतक्या दिवसांनी ती माझ्या मांडीला टेकून बसली होती.

ती उत्तीर्ण झाली. बाईंनी उच्चारांचं कौतुक केलं. ताईने मजल्यावरच्या सगळ्या घरी पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले. ते मी तसेच कागदात बांधून ठेवले. तिसरीला न शिकवलेला उतारा वाचायला देतात, हे मी वर्गशिक्षिकेला विचारून आले होते.

जूनमध्ये तिसरीचं पुस्तक आलं. भाचीने ते माझ्या हातात दिलं आणि मांडी घालून समोर बसली. मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

तिने बोटाकडे पाहिलंच नाही. ती माझ्या ओठांकडे पाहत होती, अगदी विश्वासाने, ते हलण्याची वाट बघत. मी ते घट्ट मिटून धरले.