लेन ह्रुस्काचे निळे दिवे

लेन ह्रुस्का चाळीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन होता, आणि आपल्या हाताच्या वायरिंगला दुसऱ्या कुणी बोट लावलेलं त्याला खपत नसे. पार्मा गावातल्या त्याच्या घराच्या तळघरात, कपड्यांच्या मशीनशेजारी, समुद्राच्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. बायको गेल्यापासून त्या पायऱ्या उतरणारा तो एकटाच.

टाकीत मधोमध एक प्रवाळ होतं. हिरव्या फांद्या, जांभळी टोकं. वीस वर्षांपूर्वी रे नावाच्या धाकट्या भावाने त्याला बोटाएवढा तुकडा तोडून दिला होता, त्याचं आता कलिंगडाएवढं झालं होतं. प्रवाळ पाळणाऱ्यांत ही रीतच आहे. चांगलं प्रवाळ एकट्याच्या टाकीत ठेवायचं नाही, तुकडे वाटून टाकायचे. उद्या आपली टाकी मेली, तर ज्याला दिलं त्याच्याकडे परत मागायचं. आणि त्याने नाही म्हणायचं नाही.

आईचं घर विकण्यावरून दोघा भावांचं सात वर्षं बोलणं बंद होतं. माझ्या मते दोघेही चुकले होते, पण ह्रुस्कांना ते सांगायला जाणार कोण? शेवटी २०१२च्या ऑक्टोबरात रेनेच फोन केला.

"लेन, मी रे बोलतोय."

"आवाज ओळखतो मी अजून."

"माझी टाकी गेली. हीटर बंदच झाला नाही, पाणी तापत राहिलं. सगळं संपलं. ते हिरवं-जांभळं मी पाच जणांना दिलं होतं. सगळ्यांना विचारलं. कुणाकडे राहिलेलं नाही. तुझ्याकडे आहे?"

"आहे की."

"मग देशील एक तुकडा?"

लेनने फोन ठेवून लगेच कात्री उचलली असती, तर किती बरं झालं असतं. पण त्या प्रवाळाचा रंग अलीकडे त्याला मळका वाटत होता. सात वर्षांनी भाऊ काही मागतोय, आणि त्याच्या हातावर असलं मळकट ठेवायचं? "मार्चमध्ये प्रवाळवाल्यांच्या मेळाव्याला येशील ना, तेव्हा आधी घरी ये," तो म्हणाला. "पहिल्यासारखा रंग आणून देतो."

दोष टाकीवरच्या जुन्या बल्बांचा, हे त्याने ठरवूनच टाकलं आणि एलईडीचे दिवे घरीच बांधायला घेतले. अॅल्युमिनियमच्या जाड पट्ट्या कापल्या, त्यांवर अठ्ठेचाळीस बारीक दिवे बसवले, निम्मे पांढरे, निम्मे निळे. एकेक टाका स्वतः सोल्डर केला. पांढऱ्यांना उजेड कमीजास्त करायचा एक डिमर, निळ्यांना दुसरा. काम इतकं नेटकं, की बघत राहावं. फक्त निळी वायर कुठली नि काळी कुठली, हे त्याला काही केल्या कळेना. शेवटी मीटर लावून ओळखली आणि तळघरातल्या ट्यूबलाइटला दोन शिव्या घातल्या.

नवा दिवा आधी एक पंचमांश उजेडावर ठेवायचा आणि आठवड्याला थोडाथोडा वाढवायचा, नाहीतर प्रवाळ होरपळतं. किती वाढवायचा, ते पाण्यात बुडवायच्या उजेडमापकावर बघायचं. असा मापक त्यांच्या प्रवाळ पाळणाऱ्यांच्या मंडळात एकच होता आणि पाळीपाळीने घरोघर फिरायचा. तो मार्व साबोच्या ताब्यात असे.

"तुझी पाळी फेब्रुवारीत," मार्व म्हणाला. "तोवर डिमरला हात लावू नकोस. निळा उजेड डोळ्यांना फसवतो."

"मला उजेड शिकवतोस? चाळीस वर्षं मी..."

"चाळीस वर्षं, ठाऊक आहे. पाठ झालंय सगळ्यांना. तरी थांब."

लेन थांबला नाही. दिवे लावले तरी त्याला टाकीत अंधारच दिसत होता. आता इथे सांगून टाकतो, कारण त्याला ते सांगणारं घरात कुणी नव्हतं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. चहाच्या पाण्यातून बघावं तसं त्याला सगळं दिसत होतं. असा डोळा निळा उजेड आधी अडवतो, आणि पांढरं त्याला तपकिरी वाटतं. हे इतकं सावकाश झालं होतं, की त्याला पत्ताच नव्हता.

प्रवाळ पाळणाऱ्या कुणालाही विचारा. उजेड कमी पडला की प्रवाळ तपकिरी पडतं, जास्त झाला की पांढरं. लेनला ते दर आठवड्याला आणखी तपकिरी दिसायचं. म्हणून तो डिमर आणखी वर न्यायचा. मोठ्या मायेने, रोज वहीत तारीख घालून. फेब्रुवारीत मार्वचा फोन आला, तेव्हा दोन्ही डिमर शेवटाला टेकले होते.

"मापक घेऊन जा, लेन."

"दुसऱ्याला दे. मला दिसतंय."

मार्चमध्ये रे आला. हातात तुकड्यासाठी आणलेला थर्माकोलचा डबा. दोघांनी आधी करंजीसारखे उकडलेले बटाट्याचे पिरोगी खाल्ले, आईसारखे जमत नाहीत यावर एकमत झालं आणि सात वर्षांत पहिल्यांदा दोघे एकत्र हसले. मग खाली उतरले. तिसऱ्या पायरीवरच रेने डोळ्यांवर हात धरला.

"लेन, हे किती टक्क्यांवर चालवतोस?"

"पूर्ण. तरी अंधारच आहे बघ."

रे टाकीपाशी गेला. "हे कधीपासून पांढरं आहे?"

"पांढरं कुठलं? जरा तपकिरी पडलंय. अजून थोडा उजेड..."

"हाड राहिलंय नुसतं, लेन. मांस गळून गेलंय. एक फांदी जिवंत नाही."

"अरे तपकिरी आहे ते."

"तीस वर्षं टाक्या सांभाळतोस, आणि मला तपकिरी सांगतोस?" रेचा आवाज चढला नाही. "द्यायचं नव्हतं, तर फोनवरच नाही म्हणायचं. मेलेलं दाखवायला एवढ्या लांब बोलवायचं नव्हतंस."

रिकामा डबा उचलून तो वर गेला. लेन त्याच्यामागे मोटारीपर्यंत गेला. रे असं का म्हणतोय, हेच त्याला कळलं नव्हतं.

मे महिन्यात वाहन परवान्याच्या तपासणीत डोळे नापास झाले आणि ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर लेन तळघरात उतरला. निळा उजेड अंगावर आला तसा तो भिंतीला धरून उभा राहिला. शेवाळ चढलेल्या त्या फांद्या त्याने एकदा नीट बघून घेतल्या. मग तिथेच पायरीवर बसून तो लहान पोरासारखा रडला.

संध्याकाळी त्याने रेला फोन लावला. डोळे, वायरी, वही, सगळं सांगितलं.

"ऑपरेशन नीट झालं ना? बरं झालं," रे म्हणाला.

"रे, मी मुद्दाम नाही केलं. पटतंय ना तुला?"

"पटतंय. पण आता पटून काय करू, लेन? ते कुणाकडेच राहिलं नाही."